समाधान हवे, पण शेजाऱ्यापेक्षा थोडे जास्त

शून्य मैल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मागच्या मंगळवारी पहाटे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या जपानी गार्डनमध्ये फिरताना मला एका सज्जन गृहस्थांचा विनाकारण राग आला. विनाकारण असे आधी वाटले; घरी येऊन अंघोळ उरकेपर्यंत त्याचे कारण सापडले, आणि ते इतके लाजिरवाणे निघाले की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. घरात सांगण्याची सोय नाही, म्हणून हा धागा.

आम्ही नऊ-दहा जण तेथे रोज साडेपाचला जमतो. बहुतेक सगळे सेवानिवृत्त, उरलेले निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. चार फेऱ्या, थोडा प्राणायाम आणि आठवड्यातून एकदा परतताना तर्री पोहे, एवढाच कार्यक्रम असे. फिरणे डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलेले असले तरी मी जात होतो तो मुख्यतः त्या तासाभराच्या शांततेसाठी. गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एकाच्या मुलाने पुण्याहून पावले मोजणारे घड्याळ पाठवले. महिन्याभरात ते सहा मनगटांवर आले, त्यांत एक मनगट माझे होते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघाला आणि रोज रात्री दहाला प्रत्येकाचा आकडा पडू लागला. एका रात्री जेवण झाल्यावर मी दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत असताना पत्नीने विचारले, "काय हरवले आहे?" सातशे पावले कमी पडत होती, हे मी तिला सांगितले नाही.

ज्यांचा राग आला ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांचा आकडा चौदा हजारांच्या खाली सहसा येत नाही. त्या दिवशी वळणावर मला मागे टाकताना त्यांनी हसून "आज निवांत वाटतं?" एवढेच विचारले. निवांतपणा मिळावा म्हणून अंधारात घर सोडणाऱ्या माणसाला निवांत म्हटल्याचा राग यावा, याला काय म्हणावे?

यावरून एक जुनी संध्याकाळ आठवली. मी एका सरकारी खात्यात अभियंता होतो. खात्यातील एका विशिष्ट पदाची इच्छा मी जवळजवळ वीस वर्षे बाळगली, आणि त्या वीस वर्षांतली कितीतरी रात्रींची झोप गोपनीय अहवाल, ज्येष्ठता यादी आणि कोणाची बदली कोठे झाली या हिशेबात गेली. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना ते पद मिळाले. पहिल्या दिवशी पुष्पगुच्छ घेऊन आलेली माणसे निघून गेल्यावर मी दालनात एकटा बसलो. समोरच्या भिंतीवर पूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. नाव, पासून, पर्यंत. मी काय केले असेल? कोणाला किती महिने मिळाले याची मनातल्या मनात वजाबाकी करत बसलो, आणि त्या फलकावर माझ्याइतका थोडा काळ फक्त एकाच्या वाट्याला आला होता असे दिसल्यावर खिन्न झालो. वीस वर्षे वाट पाहून मिळालेले समाधान दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत टिकले.

आज विचार करताना वाटते की मला त्या पदावरून करावयाच्या कामाची ओढ फारशी नव्हतीच. कोणाच्या तरी पुढे असण्याची ओढ होती, आणि ‘पुढे’ हे गाव असे आहे की आपण जितके चालू तितके तेही चालते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचे, म्हणजे शरीराचे, घटक सांगताना माउली अहंकाराविषयी म्हणतात:

नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं ।
सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥

अहंकार अडाण्याच्या मागे फारसा लागत नाही, जाणत्याचाच गळा धरतो, हे त्यातले नवल. ही ओवी मला महाविद्यालयात असल्यापासून पाठ आहे आणि ती पाठ असल्याचा मला अभिमानही आहे, यावरून ती किती खरी आहे हे आपल्या लक्षात येईल.

माझा प्रश्न साधा आहे. महत्त्वाकांक्षेतून ही तुलना वेगळी काढता येते काय? की तुलना काढून घेतली तर महत्त्वाकांक्षाच उरत नाही?

संत्रा_बर्फी

काका, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर आपण गावातली सगळी इडापीडा शहराबाहेर काढतो आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत प्रत्येकाचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून जाळतो. काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, पण एवढ्या वर्षांत कोणी स्वतःच्या अहंकाराचा बडग्या काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बडग्या नेहमी दुसऱ्याचाच असतो. बाकी सातशे पावलांचा प्रसंग वाचून माझे यजमान मोठ्याने हसले आणि नंतर बराच वेळ गप्प बसले. त्यांच्याही हातात ते घड्याळ आहे.

षटकोन

तुलनेविषयी आपण जे लिहिले आहे त्याला मानसशास्त्रातील दोन जुन्या अभ्यासांचा चांगला आधार मिळतो.

पहिला 1978 मधला, ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुलमन यांचा. त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याची लॉटरी जिंकलेल्या 22 जणांची तुलना त्याच परिसरातील 22 सामान्य माणसांशी आणि अपघातात पक्षाघात झालेल्या 29 जणांशी केली. लॉटरी लागलेले लोक त्या सामान्य माणसांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणे किंवा सकाळचा नाश्ता अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद त्या सामान्य माणसांपेक्षा कमी आढळला. नमुना लहान असल्याने त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, पण दिशा कळते. मोठा लाभ झाल्यावर मोजपट्टीच बदलते आणि जुनी सुखे तिच्यावर तोकडी ठरू लागतात. आपला चौदा महिन्यांचा फलक म्हणजे हीच बदललेली मोजपट्टी आहे.

दुसरा अभ्यास 1995 मधला, मेडव्हेक, मेडी आणि गिलोविच यांचा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांची चित्रफीत त्यांनी काही लोकांना दाखवली आणि प्रत्येक खेळाडूच्या चेहऱ्यावरील भावाला 1 ते 10 असे गुण द्यायला सांगितले. स्पर्धा संपल्या क्षणी कांस्यपदक मिळालेल्यांच्या चेहऱ्याला सरासरी 7.1 गुण मिळाले आणि रौप्यपदक मिळालेल्यांच्या चेहऱ्याला 4.8. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस वर पाहतो आणि सुवर्ण हुकले म्हणून झुरतो, तिसऱ्या क्रमांकाचा खाली पाहतो आणि पदक तरी मिळाले म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. मला यातली खरी गंमत अशी वाटते की कांस्यवाल्याचा आनंदही तुलनेचाच आहे. त्याला समाधान म्हणावे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

उत्तर_नागपूर

धागा प्रामाणिक आहे, म्हणून प्रतिसादही प्रामाणिकपणे देतो. वाचताना मला थोडा त्रास झाला.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात होते. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या मिलच्या जागेवर आज मॉल आहे, आणि तेथे सरकत्या जिन्यावर उभे राहिले की मला अजूनही आजोबांचा खोकला आठवतो. पगाराच्या दिवशी वहीवर अंगठा उठवण्याआधी समोर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नसे. माझे वडील सात वर्षांचे असताना आजोबा त्यांना बरोबर घेऊन गेले ते एवढ्याचसाठी की आकडा मोठ्याने वाचून दाखवणारा कोणीतरी आपला असावा. पुढे वडिलांनी मॅट्रिक व्हायचे ठरवले तेव्हा वस्तीबाहेरच्या एका भल्या माणसाने, ज्याचे घर दुमजली होते आणि कोठार भरलेले होते, आजोबांना समजावले की शिकून पोरगा हातचा जाईल, आहे त्यात सुख मानावे. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला ते खरोखरच सुभाषित वाटत होते.

त्यामुळे ‘अस्वस्थ महत्त्वाकांक्षा ही समाधानाच्या आड येते’ हे वाक्य ऐकले की मी आधी विचारतो, हे कोण कोणाला सांगत आहे? आमच्या घरातली अस्वस्थता नसती तर मी हा प्रतिसाद लिहायला येथे नसतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर जमलेली लाखो माणसे समाधानी असती तर ती घरीच बसली असती.

कोणी म्हणेल की मग बुद्धाने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले त्याचे काय. याचे उत्तर बाबासाहेबांनीच दिलेले आहे. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात संतोषाचा अर्थ सांगताना ते स्पष्ट बजावतात की संतोष म्हणजे दीनवाणेपणा नव्हे आणि परिस्थितीपुढे शरणागतीही नव्हे. सोसणाऱ्याने आपली स्थिती बदलण्याचा प्रयत्न करू नये असे बुद्धाने कोठेही सांगितलेले नाही, ज्या लोभाला सीमा नाही त्याच्या आहारी जाऊ नये एवढेच सांगितले आहे. कृपया या धाग्यात हा भेद पुसला जाऊ नये.

शून्य मैल

उत्तर_नागपूर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपले म्हणणे मान्य आहे आणि ते मूळ लेखातच यायला हवे होते. माझ्या अस्वस्थतेची जात आपल्या वडिलांच्या अस्वस्थतेपेक्षा वेगळी आहे. त्यांना मॅट्रिक व्हायचे होते, मला कोणाच्या तरी आधी व्हायचे होते. मात्र एक शंका विचारतो, राग मानू नये. पहिली पिढी गरजेपोटी धावली. तिसऱ्या पिढीला गरज उरली नाही, तरी पाय थांबत नाहीत, असे आपल्याकडे झाले आहे काय? माझे वडील काटोलजवळच्या खेड्यातून सायकलने शाळेत जात, आणि मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतो, म्हणून विचारतो.

पाटणसावंगी

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही एकच ओळ लोकांनी उचलली आणि तिच्या भरवशावर कित्येक पिढ्यांना गप्प बसवले. ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हेही त्याच तुकोबांचे शब्द आहेत, हे तेव्हा कोणालाच आठवत नाही. पहिली ओळ चित्ताविषयी आहे आणि दुसरी हातांविषयी, असे मी समजतो.

महालची_सून

माझा अनुभव उलट बाजूचा आहे, म्हणून लिहिते.

मी एका बँकेत अधिकारी आहे. अकरा वर्षांपूर्वी वरच्या स्केलच्या पदोन्नतीसाठी माझे नाव आले होते. पदोन्नती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे विदर्भाबाहेर किमान तीन वर्षे. मुलगी सातवीत होती, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, महालातला जुना वाडा सोडून जाणे सोपे नव्हते. मी लेखी नकार दिला. त्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईने माझे कौतुक केले. हल्लीच्या मुलींसारखी तुला हाव नाही, तू समाधानी आहेस, असे त्या म्हणाल्या, आणि मीही ते विशेषण एखाद्या पैठणीसारखे नेसून घेतले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आमच्याच शाखेत माझी वरिष्ठ म्हणून आली. अतिशय गुणी आहे, मला अजूनही ताई म्हणते. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडून एका कर्जप्रकरणाची फाइल मागितली, तेव्हा ती देताना माझा हात किंचित थरथरला, आणि त्या क्षणी मला कळले की अकरा वर्षांपूर्वी मी समाधानाने नकार दिलाच नव्हता. मी घाबरले होते. परक्या गावी, परक्या लोकांत, एकटीने शाखा सांभाळता आली नाही तर लोक काय म्हणतील, या भीतीने मी मागे सरले, आणि मुलीची शाळा व सासूबाईंचे गुडघे पुढे केले. कोल्ह्याला द्राक्षे आंबट असतात हे आपण शाळेत शिकतो, पण तो कोल्हा नंतर इतर कोल्ह्यांना निरिच्छतेवर प्रवचन देत असेल, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की धावणाऱ्याच्याच अंगात अहंकार असतो असे नाही. न धावणाऱ्याचाही एक अहंकार असतो आणि तो ओळखायला फार वेळ लागतो, कारण त्याचे सगळे कौतुकच करतात.

उत्तर_नागपूर

ताई, आपला प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या लिखाणातला ताठा बराच उतरला. आपण ज्या गोष्टीवर बोट ठेवले आहे तिला पाली परंपरेत नाव आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बौद्ध विचारात ‘मान’ म्हणजे केवळ गर्व नव्हे. ‘मी श्रेष्ठ आहे’ हा मान, ‘मी बरोबरीचा आहे’ हाही मान, आणि ‘मी हीन आहे’ हाही मानच. तिन्हींत मी स्वतःला दुसऱ्याशेजारी उभे करून मापलेले असते. उत्तर कोणते आले याला महत्त्व नाही. मापायला घेतले, येथेच गाठ बसते. त्यामुळे फाइल देताना थरथरलेला आपला हात आणि ‘आज निवांत वाटतं?’ ऐकून काकांच्या डोक्यात गेलेली तिडीक, या दोन्ही एकाच घरातल्या आहेत.

माणसाला संसारात बांधून ठेवणारी दहा संयोजने म्हणजे बंधने सांगितली आहेत. त्यांतील पहिली तीन तुटली की माणूस स्रोतापन्न (मुक्तीच्या प्रवाहाला लागलेला) होतो, पाच तुटली की अनागामी (या जगात पुन्हा न जन्मणारा) होतो, आणि उरलेली पाच केवळ अर्हतपदी, म्हणजे पूर्ण मुक्त अवस्थेला, गेल्यावर तुटतात. या शेवटपर्यंत चिवटपणे टिकणाऱ्या पाचांमध्ये मान आहे आणि त्याच्या लगेच पुढे ‘उद्धच्च’ आहे. उद्धच्च म्हणजे चित्ताचे उधळणे, अस्वस्थता, चैन न पडणे. द्वेष आणि कामवासना यांवर विजय मिळवलेल्या माणसातही हे दोघे शेजारी शेजारी बसून असतात, असे ती यादी सांगते. या धाग्याचा विषय इतक्या नेमकेपणाने कोणी आधीच लिहून ठेवला असेल असे मला यादी पाठ करताना कधी वाटले नव्हते.

संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात खेमक नावाच्या आजारी भिक्खूचे एक सुत्त आहे. काही थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, त्यांना विचारतात की तुम्ही माणूस ज्यांचा बनतो त्या पाच स्कंधांपैकी (शरीर, संवेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान) कशाला ‘मी’ समजता काय. ते म्हणतात, नाही. तरीही ‘मी आहे’ हा भाव माझ्यातून गेलेला नाही. आणि ते दाखला देतात धोब्याचा. मळलेले कापड क्षाराने आणि शेणाने घासून स्वच्छ धुतले, मळ सगळा निघाला, तरी त्या कापडाला क्षाराचा वास राहतोच. मालक ते सुगंधी पेटीत ठेवतो, मग तो वास हळूहळू जातो. मळ काढणाऱ्या वस्तूचाच वास मागे उरतो, हा दाखला मला फार मोलाचा वाटतो.

आणि काका, आपल्या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे. माझा मुलगा बारावीत आहे, वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीला जातो. मागच्या चाचणीत त्याला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी मी पहिला कोण आला हे विचारले. आजोबांनी वडिलांना आकडा वाचायला नेले होते तो आकडा स्वतःच्या मजुरीचा होता. मी विचारला तो आकडा दुसऱ्याच्या मुलाचा होता.

कोराडीकर

क्षाराच्या वासावरून सांगतो. मी आतापर्यंत विपश्यनेची सहा शिबिरे केली आहेत, पहिले शिबिर माहुरझरीच्या धम्मनाग केंद्रात. दहा दिवस आर्य मौन, पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. पहिल्या शिबिराहून परतलो तेव्हा माझ्यात खरोखर फरक पडला होता. महिनाभर मी वाहतूक सिग्नलवर हॉर्न वाजवला नाही, आणि नागपुरात हे काही लहान काम नाही.

पण वर पाहा, या प्रतिसादाच्या दुसऱ्याच वाक्यात मी काय लिहिले आहे. सहा हा आकडा सांगण्याची येथे काही आवश्यकता नव्हती. पुसणार होतो, मग तसाच ठेवला. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मौन सुटल्यावर जेवणघरात जे संभाषण सुरू होते त्यातला ठरलेला प्रश्न असतो, "तुमचे कितवे?" आणि उत्तर लहान असले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक वत्सल भाव येतो. तो भाव मी माझ्या पहिल्या शिबिरात दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आणि चौथ्या शिबिरापासून माझ्या चेहऱ्यावर असावा, असा मला दाट संशय आहे. एक तास न हलता बसण्याच्या अधिष्ठानात शेजारचा साधक आधी हलला की आतून जो बारीकसा आनंद होतो तो संवेदना म्हणून पाहावा की विकार म्हणून, हे आचार्यांना विचारायचे राहून गेले.

यावरून साधना निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. आधी मला हे दिसतही नव्हते.

भरतवन

वाचतो आहे. वाचनखूण साठवली. (माझी पहिलीच.)

षड्ज

मूळ प्रश्न असा होता की तुलना काढून घेतल्यावर महत्त्वाकांक्षा उरते काय. मी गाणे शिकवते, त्यामुळे मला या प्रश्नाचे उत्तर होय असे द्यावेसे वाटते. तानपुरा जुळवून शिष्य षड्ज, म्हणजे ‘सा’, लावायला बसतो तेव्हा तो बहुधा माझ्याकडे चोरून पाहत असतो, शेजारच्या मुलीपेक्षा बरा लागला की नाही हे ताडण्यासाठी, आणि जोवर तो पाहत असतो तोवर सूर थोडा वर किंवा थोडा खाली राहतो, कारण कान तानपुऱ्याकडे नसून माझ्या चेहऱ्याकडे असतो. मग महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या सकाळी सूर लागतो. त्या क्षणी त्याला विचारले की कसा लागला, तर त्याला सांगता येत नाही, कारण सांगणारा तेवढ्यापुरता जागेवर नसतो. त्यानंतरची त्या मुलाची अस्वस्थता वेगळी असते. तो सूर पुन्हा लागावा म्हणून तो पहाटे उठतो. ही महत्त्वाकांक्षाच आहे, पण तिला पाहायला प्रेक्षक लागत नाही.

महालची_सून

षड्ज ताई, आपले म्हणणे फार सुंदर आहे, पण ते कलावंतांना लागू पडते. कर्जाच्या फाइलीत सूर लागत नाही हो. आणि खरे सांगायचे तर वार्षिक कार्यक्रमात कोणाला आधी बसवायचे यावरून गायन वर्गांत जे रुसवेफुगवे चालतात ते बँकेपेक्षा कमी नसतात, हे माझ्या मुलीच्या वर्गात मी पाहिले आहे.

षड्ज

हे शंभर टक्के मान्य. त्या यादीत मीही आहे. शेवटी गायचा मान कोणाचा यावरून मी एका मैत्रिणीशी दोन वर्षे बोलत नव्हते.

शून्य मैल

सर्वांचे आभार. आठ दिवसांत जे घडले ते सांगून माझ्याकडून थांबतो.

पावलांच्या गटातून मी गुरुवारी रात्री बाहेर पडलो. कोणी कारण विचारील अशी अपेक्षा होती, उत्तरही तयार करून ठेवले होते, त्यात ज्ञानेश्वरीची ओवी होती. शुक्रवार, शनिवार, रविवार कोणीही विचारले नाही. याचे मला वाईट वाटले. मग उत्तर_नागपूर यांचा धोबी आठवला आणि स्वतःचेच हसू आले.

सोमवारी मी त्या चौदा हजारवाल्या गृहस्थांना थांबवून विचारले की या वयात एवढे चालणे कसे जमते. मला वाटले होते ते आहार किंवा शिस्त याविषयी काही सांगतील. ते म्हणाले, "घरात बसवत नाही हो. तीस वर्षे रेल्वेच्या नियंत्रण कक्षात काढली. तेथे फोन वाजला नाही तर कोठेतरी काहीतरी बिघडले आहे असेच आम्ही समजायचो. आता घरी फोन वाजत नाही, आणि मला वाटते काहीतरी बिघडले आहे, म्हणून उठून चालू लागतो." आकड्यांविषयी विचारले तर म्हणाले की घड्याळ नातवाने बांधले आहे आणि गटात आकडा तोच टाकतो, स्वतः त्यांनी तो कधी उघडून पाहिलेला नाही. म्हणजे वर्षभर मी ज्या शर्यतीत दुसरा येत होतो तिच्यात पहिला येणारा धावतच नव्हता. त्यांच्याकडे फक्त उद्धच्च होते; मान सगळा माझा होता.

मी त्यांना म्हटले, चला, आज दहा मिनिटे नुसते बसून पाहू. तलावाकडे तोंड असलेले बाकडे नव्हते, भिंतीकडे तोंड असलेले मिळाले, तेथेच बसलो. एक नीलकंठ येऊन कुंपणावर टेकला. चौथ्या मिनिटाला ते उठले, क्षमा मागितली आणि फेरीला निघून गेले. मी पूर्ण दहा मिनिटे बसलो. त्यांच्यापेक्षा सहा मिनिटे जास्त बसलो, हे मला घरी पोहोचेपर्यंत लक्षात होते.